डाव्या कोपऱ्यातला जितेश

आमच्या पेण तालुक्यात पोरगं पायावर उभं राहिलं की आधी मांडीवर थाप मारतं, मग चालायला लागतं. चालणं काय, कोणालाही येतं. चढाई यावी लागते. ज्याला चढाई येते त्याचं गावात नाव होतं, त्याचा बॅनर लागतो, त्याला लग्नाच्या जेवणात आग्रहाने दुसरा लाडू वाढतात. ज्याला पकड येते त्याची कोपरं सोलतात. बस, तेवढंच.

हे मी ऐकीव सांगत नाही. पेणपासून रोह्यापर्यंत कुठल्याही गावात कबड्डीचे सामने असले की माईक माझ्या हातात असतो. लोक मला माईकवाले काका म्हणतात. माझं खरं नाव माझ्या बायकोलाही रेशनकार्ड बघून आठवतं. तर इतकी वर्षं मी बक्षिसं पुकारतोय. उत्कृष्ट चढाईला सायकल नाहीतर कूलर, आणि उत्कृष्ट पकडीला भिंतीवरचं घड्याळ. सात जणांत एकटा जाऊन येणाऱ्याने गार वारा खायचा आणि त्याचा पाय धरून त्याला पाडणाऱ्याने किती वाजले ते बघायचं. हा न्याय कोणी ठरवला ठाऊक नाही, पण बदलायचं कोणाच्या मनात नव्हतं.

जितेश घरत हा आमचा चढाईचा हिरो. हमरापूरच्या अंगाला आमचं गाव, तिथला. पेणच्या कॉलेजात तो बी.कॉम. करत होता, म्हणजे कॉलेजच्या संघातून खेळत होता आणि परीक्षेपुरता वर्गात डोकावत होता. चढाईला जायच्या आधी तो मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावी, मग केसांचा पट्टा नीट करी, मग पुन्हा एकदा नीट करी. समोरचा संघ तेवढ्यात पाणी पिऊन घेई. पण एकदा पलीकडे गेला की हा माणूस गडी बाद करून यायचा हे खरं. घरी त्याच्या तीन कूलर होते. घराला पंख्याचं कनेक्शन धड नव्हतं, म्हणून एका कूलरमध्ये त्याची आई सरू कांदे ठेवायची.

घरात यांचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हटल्यावर चिमणी, भोंगा असलं काही डोळ्यांपुढे आणू नका. पडवीला पत्रा टाकलेला, आत दाटीवाटीने पांढऱ्या मूर्ती, आणि रंगाच्या वाट्या. जितेशचा बाप शिवा आखणी करतो, म्हणजे मूर्तीचे डोळे काढतो. आमच्याकडे हे काम सगळ्यात मानाचं. शिवा डोळे काढायला बसला की घरात कोणी मोठ्याने खोकत नाही. आणि जितेशकडे काम पायांचं. उकिडवं बसायचं, मान खाली घालायची आणि एकेक मूर्तीची बोटं, नखं, घोट्यावरचे तोडे रंगवत पुढे सरकायचं. लहानपणापासून तेच.

"डोल्यांना हात लावायचा नाय," शिवा त्याला सांगायचा. "पाय काय, कोन पन रंगवतो."

हे वाक्य त्याने इतक्या वेळा ऐकलं होतं की मैदानावर पोरगं मान वर करून का चालतं, हे मला वेगळं विचारावं लागलं नाही.

आता मुद्द्याचं. टीव्हीवर कबड्डीची लीग सुरू झाल्यापासून आमच्याकडच्या प्रत्येक आईला आपला मुलगा त्यात दिसतो. जितेशचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. लीगमधल्या एका संघाने नवीन पोरं शोधायला रोह्यात निवड चाचणी ठेवली. यात घेतलं तर घेतलं, नाहीतर परीक्षा झाली की धाटावला कुठल्यातरी कंपनीत कंत्राटावर शिफ्ट करायची, हे घरात ठरलेलंच होतं. मामाने गेटवरच्या माणसाशी बोलूनही ठेवलं होतं. कंपनीचं नाव काढलं की जितेश उठून बाहेर जायचा.

चाचणीच्या आठवडाभर आधी रामवाडीला हायवेच्या कडेला बॅनर लागला. बॅनर निलेशशेठने लावला. निलेशशेठ म्हणजे आमच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष, देणगीदार, मार्गदर्शक, आधारस्तंभ आणि येत्या निवडणुकीतले उमेदवार. बॅनरवर हात जोडलेले निलेशशेठ पुरुषभर उंचीचे, कोपऱ्यात चढाई करणारा जितेश मांजराएवढा, आणि मध्ये लिहिलेलं: 'लीगमध्ये चढाईपटू म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.'

मी शेठना म्हटलं, "अहो, निवड अजून व्हायची आहे."

"होनारच हाय ना?" शेठ म्हणाले. "मग दोनदा खर्च कशाला? आधी शुभेच्छांचा, मग अभिनंदनाचा. एकदम अभिनंदनच केलं."

मंडळाच्या कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट ज्यांची नावं शुभेच्छुकांत राहून गेली होती ते रुसले.

चाचणीला गाव दोन टेम्पो भरून निघालं. वाटेत खांब गावात वडापावसाठी थांबलो. तिथे आमच्यातल्या एकाने वडेवाल्याला जितेश दाखवून "हा लीगवाला" असं सांगितलं, आणि वडेवाल्याने जितेशला एक मिरची जास्त दिली. प्रसिद्धी म्हणतात ती अशी सुरू होते.

निवड करायला आले होते सावंत सर. पन्नाशीचे, बुटके, एक कान मुडपलेला, जुने खेळाडू. त्यांची गाडी मुंबईहून आली होती, आणि आमचा हायवे कसा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. रामवाडीला ते बराच वेळ अडकले होते. त्यांनी बॅनर शुभेच्छुकांच्या नावांसकट वाचला होता.

जितेशचं नाव पुकारल्यावर त्यांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जितेश घरत? तुमची तर निवड झालीय. अभिनंदन. मग इकडे कशासाठी येणं केलंत?"

हॉलमधली पोरं खदखदून हसली. आमची माणसंही हसली, त्यांना वाटलं सर खूश आहेत.

मग चढाया झाल्या. आमची चढाई मातीतली. मातीत जितेशचा पाय असा सरकायचा की बघत राहावं. इथे मॅट होती, बूट होते, आणि समोर त्याच्यापेक्षा वीतभर उंच पोरं. पहिल्या चढाईत त्याने बोनस आणला. दुसऱ्या चढाईत त्याला कमरेला धरून उचललं. तिसऱ्या चढाईत केसांचा पट्टा नीट करेपर्यंतच त्याची निम्मी चढाई संपली. सरांनी कपाळ खाजवलं. तेवढ्यात बचाव करणाऱ्या एका पोराचा पाय मुरगळला, तेव्हा सर जितेशला म्हणाले, "तू जा रे, तिकडे डाव्या कोपऱ्यात उभा राहा. जागा तरी भरेल."

जागा भरायला गेलेला माणूस उकिडवा होऊन बसल्यासारखा वाकला. हात गुडघ्यांपुढे, नजर जमिनीलगत. समोरून कर्जतकडचा एक दांडगा गडी चढाईला आला, हात फिरवत, खांदे उडवत, डोळ्यांनी हूल देत. जितेशने त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. गड्याने पाय बोनस रेषेकडे टाकला आणि तो पाय तिथेच राहिला. वरचा गडी मात्र आडवा झाला होता. दोन्ही हातांनी घोटा धरून जितेश त्याला असा चिकटला होता की पंचांना सोडवावा लागला. सरांनी पुन्हा तोच गडी पाठवला. पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी गडी त्या बाजूला फिरकलाच नाही.

सरांनी त्याला बाजूला घेतलं. मी जवळच होतो, माईक नसला तरी माझे कान असतातच.

"हे कुठे शिकलास?"

"शिकलो नाय सर. पायच बघत आलोय. घरी पाय रंगवतो ना गनपतीचे."

"स्पष्ट सांगतो," सर म्हणाले. "चढाईत तुला लीगमध्ये कोणी घेणार नाही. चढाईवाले मला रोह्याला येताना प्रत्येक एसटी स्टॉपवर मिळतात. कोपरा मिळत नाही. कोपऱ्यात तुझी शक्यता आहे, पण दोन-तीन पकडींवर मी कोणाची जबाबदारी घेत नाही. पूर्ण सामना कुठे खेळतोयस?"

"गावातच हाय, आमच्या मंडलाची स्पर्धा."

"मी येतो. कोपऱ्यातच खेळ, शेवटपर्यंत. चढाईला गेलास तर मी समजेन की तुला टीव्हीपेक्षा बॅनर आवडतो. मग मी गाडीत बसेन."

गावात बातमी पोचली तेव्हा सगळेच बोलले. देवळापुढे सभा भरली. निवडणुकीच्या सभेला येत नाहीत इतकी माणसं आली.

"कोपऱ्यात?" निलेशशेठ म्हणाले. "आपला हिरो कोपऱ्यात उभा करनार? बॅनरवर काय लिवलंय आपन?"

"सरांना दिसत नसंल," कोणीतरी म्हणालं.

"त्याचा कान मोडलाय, मी बघितला," दुसरा म्हणाला. कानाचा आणि दिसण्याचा काय संबंध, हे विचारायची ती वेळ नव्हती.

ठराव असा झाला की जितेशने नेहमीसारखी चढाई करावी, आणि सरांना नारळ, शाल आणि खुर्ची द्यावी. नारळ-शालीने न वळणारा माणूस आमच्या मंडळाने अजून पाहिला नव्हता.

शिवा बोलला तो घरी गेल्यावर. मी चहाला म्हणून गेलो होतो. बाप मूर्तीचे डोळे काढत होता, मुलगा पायांशी बसला होता.

"घरात पायाशी, मैदानात पन पायाशी," शिवा कुंचला न थांबवता म्हणाला. "बराय. लोक काय म्हनतील याचा इचार केलास का?"

"तुम्हीच बसवलात ना पायाशी," जितेश म्हणाला. "मला डोले कवा काढायला दिलेत?"

शिवाचा कुंचला थांबला. आखणी करताना त्याचा कुंचला मधेच थांबलेला मी तरी पाहिला नव्हता. सरू आतून आली, दोघांकडे पाहिलं, आणि मुलाला म्हणाली, "तुला काय पायजे ते सांग. तुझ्या बापाला नको सांगू, मला सांग."

"मला लीगला जायचंय गो आये," तो म्हणाला. "मला धाटावला नाय जायचं. पन लोक हसतील गो."

मला त्याचं वाईट वाटलं. बावीस वर्षांचं पोरगं, अख्खी तारुण्याची मिजास एका चढाईवर उभी केलेली, आणि आता त्याला सांगत होते की ती उतरवून ठेव, उकिडवा बस, तरच वर जाशील. आम्हा मोठ्यांना कोणी असं सांगितलं असतं तर आम्ही त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला असता. शिवाने एवढंच केलं की उरलेला दिवस तो डोळे काढायला बसला नाही.

स्पर्धेचा अंतिम सामना उन्हं उतरल्यावर सुरू झाला. सावंत सर खरंच आले. त्यांना नारळ दिला, शाल दिली, निलेशशेठचं भाषण ऐकायला दिलं. तिन्ही त्यांनी सारख्याच चेहऱ्याने स्वीकारलं. खुर्ची माझ्या टेबलाला लागून होती.

जितेश कोपऱ्यात उभा राहिला तेव्हा मैदानात एक कुजबुज फिरली. पण त्याने पकडी केल्या. समोर वडखळकडचा तगडा संघ होता, त्यांचे दोन मुख्य चढाईवाले त्याने वारंवार पाडले. मी माईकवर सवयीने "आणि चढाई अयशस्वी" एवढंच म्हणून पुढे जात होतो. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "अयशस्वी झाली की केली कोणीतरी?" त्यानंतर मी "पकड, जितेश घरत" असं म्हणायला लागलो. जिभेला वळण नव्हतं, दोनदा अडखळलो.

आणि मग यायचं तेच आलं. शेवटची चढाई आमची, आणि आम्ही एका गुणाने मागे.

आमच्या गावचा एक रिवाज आहे. अशा वेळी चढाईला कोण जाणार हे कप्तान ठरवत नाही, गाव ठरवतं. लोक नाव पुकारतात, पुकारलेल्याने जायचं असतं. याच्यामुळे आम्ही किती सामने हरलो ते सांगत बसत नाही, पण रिवाज तो रिवाज. एका बाजूने सुरू झालं, "जितेश, जितेश," आणि सगळ्या मैदानाने उचललं. पोरं, म्हातारे, ओट्यावरच्या बायका. निलेशशेठ माझ्या टेबलापाशी आले आणि माझा खांदा दाबत म्हणाले, "नाव घ्या काका, माईकवर घ्या."

मी माईक तोंडाशी नेला आणि खोकत राहिलो. शेजारी सरांनी गाडीची किल्ली खिशातून काढून हातात धरली होती.

जितेश आपल्या कोपऱ्यात उभा होता. त्याचा हात केसांच्या पट्ट्याकडे गेला. मला वाटलं, गेला हा. सगळं गाव ओरडत असताना कोण थांबतो? एक पाऊल त्याने टाकलंही.

तेवढ्यात एक आवाज आला. चिरका, कधी मोठ्याने बोलायची सवय नसलेल्या माणसाचा. देवळाच्या कट्ट्यावर शिवा उभा होता, कुडत्यावर रंगाचे डाग तसेच.

"बस रे जितू," तो ओरडला. "तिथंच बस. उठू नको."

जितेशने बापाकडे पाहिलं. मग तो डाव्या कोपऱ्यात खाली बसला, दिवसभर पडवीत बसतो तसा उकिडवा, आणि मान खाली घातली. पंचांची शिट्टी वाजली तसा हर्षद नावाचा आमचा दुसरा चढाईवाला घाईघाईने पलीकडे गेला, आणि दोन पावलांत आडवा झाला. आपल्याच गावात, आपल्याच मंडळाच्या स्पर्धेत, आम्ही हरलो.

पुढचं सांगण्यासारखं नाही, म्हणून सांगतो. लोकांनी शिव्या घातल्या. जितेशला नाही, शिवाला. ज्याच्या हाताने काढलेल्या डोळ्यांपुढे हे गाव दरवर्षी हात जोडतं, त्याला. निलेशशेठनी रामवाडीच्या बॅनरवर जितेशच्या फोटोवर तेवढा कागद चिकटवला. स्वतःचा फोटो राहू दिला, कारण त्या फोटोची काही चूक नव्हती. आणि त्याच मैदानात मला पुकारावं लागलं: उत्कृष्ट पकड, जितेश घरत. बक्षीस, भिंतीवरचं घड्याळ. त्याच्या तबकडीवर हात जोडलेले निलेशशेठ होते, आणि काटे त्यांच्या नाकातून निघत होते.

सर जाताना मला म्हणाले, "गाव बोलवत असताना बसून राहणारा पोरगा पहिल्यांदा बघितला." नारळ खुर्चीवरच विसरले. महिन्याभरात त्यांच्या संघाचा फोन आला. जितेश डावा कोपरा म्हणून घेतला गेला, राखीवमध्ये का होईना.

रामवाडीला नवा बॅनर लागायला एक दिवस पुरला. अडचण एकच आली. पकड करताना जितेशचा एकही फोटो कोणाकडे नव्हता. आम्ही आजवर पकडीचे फोटो काढलेच नव्हते. मग जुनाच चढाईचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'आमचा लाडका कोपरा.' निलेशशेठ भाषणात सांगतात की त्याला कोपऱ्यात उभं करायची कल्पना त्यांची.

गणपतीच्या गर्दीच्या दिवसांत जितेश संघाच्या शिबिरातून सुट्टी घेऊन घरी आला आणि आल्या आल्या पडवीत पायांशी बसला. शिवाने त्याच्यासमोर एक मूर्ती सरकवली आणि बारीक कुंचला पुढे केला. "डोले काढ," म्हणाला. जितेशने कुंचला परत दिला. "पाय राहिलेत अजून बाबा," म्हणाला, आणि लाल रंगाची वाटी ओढून घेतली. निघायच्या दिवसापर्यंत तो नखं रंगवत होता.

चारच दिवसांनी, त्याच्या पहिल्या सामन्याला, सगळं गाव मूर्ती सरकवून घरतांच्या पडवीत जमलं. ज्यांनी शिव्या घातल्या होत्या ते पुढे बसले होते. उत्तरार्धात त्याला मैदानात उतरवलं. टीव्हीवर काय दिसतं ते सांगतो: चढाईवाल्याचं तोंड दिसतं, त्याचे केस दिसतात, त्याची मांडीवरची थाप दिसते. कोपरा दिसत नाही. एकदम गलका झाला, माणसांचा ढीग पडला, आणि जितेश त्या ढिगाखाली कुठेतरी होता. समालोचक चढाईवाल्याचं नाव घेऊन हळहळत होता. माझ्याच माईकवाल्या जातीचा माणूस.

"यात आपला जितू कुठाय?" निलेशशेठनी विचारलं.

मग त्यांनी तेच पुन्हा सावकाश दाखवलं, अगदी जवळून. एक घोटा, आणि त्याभोवती आवळलेले दोन हात. बाकी काही नाही. शिवा उठला, टीव्हीपाशी गेला आणि काचेवर बोट ठेवलं. त्या हातांच्या नखांत लाल रंग तसाच होता.

"ह्यो बघा," शिवा म्हणाला. "ह्यो माझा पोर."